घरात अडकलेल्या दिवसांतले छोटे आधार : लॉकडाऊनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जगातली जवळपास निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या निर्बंधाखाली घरात होती. त्या काळात मी रोज संध्याकाळी काही तास एका मदत-फोनवर बसत असे. फोन करणाऱ्यांना औषधोपचाराचे प्रश्न फारसे नसायचे. ‘दिवस कसा काढू?’ हाच सूर असायचा. पुढे ओळखीच्या माणसांनीही तेच विचारलं. ते प्रश्न आणि आता शांतपणे विचार करून दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुन्हा कधी, कुठल्याही कारणाने, कोणावर घरात बंद होण्याची वेळ आली तर उपयोगी पडावीत म्हणून.

हे सगळे चोचले नाहीत का? बाहेर माणसं मरत असताना स्वतःच्या आरामाचा विचार करणं बरं दिसतं का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला. विचारणारी माणसं बहुतेक वेळा अशी असायची, जी घरातल्या आजाऱ्यासाठी किंवा शेजाऱ्यांसाठी दिवसभर राबत होती. ज्यांना खरोखर विसाव्याची गरज, त्यांनाच त्याची लाज वाटत होती.

आपलं शरीर थोड्या वेळाच्या धोक्यासाठी घडलेलं आहे. धोका दिसला की छाती धडधडते, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं. पळून झालं, लढून झालं की सगळं पुन्हा जागेवर येतं. लॉकडाऊनमधला धोका वेगळा. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यापासून पळता येत नाही आणि तो संध्याकाळी संपतही नाही. त्यामुळे ‘आता टळलं, सैल हो’ हा निरोप शरीराला मिळतच नाही. गरम पाण्याची अंघोळ, ओळखीचा वास, रोजची खुर्ची, आवडतं गाणं या गोष्टी तो निरोप थोड्या वेळापुरता पोहोचवतात. बाहेरचं संकट त्यामुळे कमी होत नाही, पण संकटाला तोंड देणारा माणूस उभा राहतो. दुसऱ्याचं करायचं असेल तर हे आधी करा, असंच मी सांगेन.

कोणती गोष्ट खरोखर आधार देते आणि कोणती नुसता वेळ खाते, हे ओळखायचं कसं?

ती गोष्ट करताना कसं वाटतं ते सोडा, झाल्यावर कसं वाटतं ते बघा. फोनवर बोट सरकवत बसलं की करताना बरं वाटतं, उठताना डोकं जड झालेलं असतं. कपाटाचा एक कप्पा आवरायला घेताना कंटाळा येतो, झाल्यावर मात्र माणूस दोनदा तो कप्पा उघडून बघतो.

माझ्या पाहण्यात टिकाऊ आधार देणाऱ्या गोष्टींना सुरुवात असते आणि शेवटही असतो. कप रिकामा होतो, गाणं संपतं, ओळ विणून होते. लॉकडाऊनमध्ये नेमकं हेच हरवतं: कामावर जाणं, परतणं, शाळेची घंटा, गाडीची वेळ, सुट्टीचा वार. दिवसाला आगापिछा राहत नाही. म्हणून मी अशा गोष्टींना ‘खुंटी’ म्हणते. भिंतीवर खुंटी असली की काहीतरी टांगता येतं. दिवसात तीन-चार खुंट्या असल्या की दिवस टांगता येतो. पुढेही हा शब्द येईल.

वार कळत नाही, तारीख कळत नाही. सगळ्यांचंच असं होतं का?

होतं, आणि त्यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत घड्याळाशिवाय, सूर्यप्रकाशाशिवाय एकटाच जवळजवळ दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला वर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट. तीन आठवड्यांहून जास्त काळ त्याच्या मोजणीतून गळून गेला होता. एकसारखे दिवस आठवणीत एकमेकांना चिकटतात. त्यामुळे मागे वळून पाहताना महिना भुर्रकन गेल्यासारखा वाटतो आणि आजची दुपार मात्र सरता सरत नाही.

उपाय म्हणजे दिवसांमध्ये फरक करणं. आठवड्यातला एक दिवस वेगळा ठेवा. त्या दिवशी चादर बदला, जेवायला वेगळ्या जागी बसा, एरवी न घालता येणारे चांगले कपडे घाला. मोठं काही नको, पण ते त्या वारीच व्हायला हवं. ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० पासून दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते. त्यामागची भावना कृतज्ञतेची होती, पण घरात बसलेल्या कितीतरी जणांना ‘आज गुरुवार’ हे त्या टाळ्यांनीच कळत असणार.

भिंतीवर कागदी कॅलेंडर लावा आणि रोज रात्री स्वतःच्या हाताने त्या दिवसावर एक शब्द लिहा: ‘पाऊस’, ‘भांडण’, ‘फोन’. पडद्यावरची तारीख बदलते; ही तारीख तुम्ही बदलता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या माणसांना दिवसाला साधारण १६ सूर्योदय दिसतात. त्यांच्या भरवशावर राहिलं तर झोपायचं कधी? म्हणून तिथे ग्रीनिच वेळेचं घड्याळ लावून, कामाची, जेवणाची आणि झोपेची वेळ नेमून दिवस तयार केला जातो. घरात अडकलेल्या माणसालाही दिवस असाच तयार करावा लागतो.

सकाळी उठायचं कशासाठी? कुठे जायचंच नाही तर.

उजेडासाठी. आपल्या मेंदूतलं घड्याळ रोज थोडं पुढेमागे होतं आणि सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा लागतं. घरात दिवे लावले तरी प्रकाश साधारण शंभर ते तीनशे-चारशे लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) इतकाच असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजार लक्सच्या घरात असतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, घड्याळाला जाणवतो.

म्हणून पहिली खुंटी इथे ठोका. उठल्यावर अर्ध्या-एक तासाच्या आत खिडकी उघडून, गॅलरीत किंवा दारात दहा-पंधरा मिनिटं बसा. फोन आत ठेवा. रोज त्याच वेळी समोरच्या भिंतीवर ऊन कुठवर आलं ते पाहिलं तर महिनाभरात त्याची रेघ सरकलेली दिसते. ही रेघ दाखवणारी एक मुलगी मला फोनवर भेटली होती. तिने भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या होत्या, प्रत्येक खुणेखाली तारीख. ‘मी बंद आहे, पण पृथ्वी फिरतेय’ असं ती म्हणाली, आणि मग थोडा वेळ आम्ही दोघीही गप्प होतो.

घरातच काम, घरातच आराम. काम संपलं असं वाटतच नाही. काय करू?

कामाला जाण्याचा आणि परतण्याचा रस्ता कितीही त्रासाचा असला तरी तो दोन आयुष्यांच्या मधला पूल होता. तो पूल घरात बांधा. काम सुरू करण्याआधी कपडे बदला, चप्पल घालून घरातल्या घरात किंवा जिन्यात पाच मिनिटं चाला आणि मग बसा. काम संपलं की लॅपटॉप बंद करून नजरेआड ठेवा. कपाट नसेल तर त्यावर कापड टाका. कापड टाकणं हा पोरकटपणा वाटेल, पण एका खोलीत राहणाऱ्या कितीतरी जणांनी मला हाच उपाय सगळ्यांत लागू पडल्याचं सांगितलं. अंथरुणावर बसून काम मात्र टाळा. अंथरूण फक्त झोपेचं राहू द्या.

गरम कप हातात धरला की बरं का वाटतं? चहा-कॉफी जास्त होते आहे.

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे.

एक आजोबा रोज सव्वाचारला फोन करायचे. बोलणं सुरू होण्याआधी नेहमी त्याच क्रमाने आवाज यायचे: किटलीची शिट्टी, गॅसचं बटण, कपात पाणी ओतल्याचा चढत जाणारा सूर, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग एक लांब श्वास. त्यानंतरच ‘हं, बोला’. बायको गेल्यापासून ते दोन कप काढत होते. एक स्वतःचा आणि एक रिकामा, समोर. मी त्यांना त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. त्यांची ती पंधरा मिनिटं इतकी पक्की होती, की बाकीचा दिवस कितीही विस्कटला तरी सव्वाचारला तो पुन्हा जागेवर यायचा.

आता त्यातलं शरीराचं गणित बघा. कप दोन्ही हातांत धरला की दुसरं काही करता येत नाही. फोनही धरता येत नाही. पेय गरम असल्यामुळे घोट लहान घ्यावे लागतात, फुंकर घालावी लागते, आणि फुंकर म्हणजे लांब, सावकाश उच्छ्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते. मन शांत करण्यासाठी शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक श्वसनक्रियांचं मूळ इथेच आहे; तुम्ही ती न शिकताच करत असता. तळहातांना ऊब मिळते, नाकाला वास मिळतो, आणि कप रिकामा झाला की ती वेळ संपते.

कॅफिनचं प्रमाण मात्र सांभाळा. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बराच जास्त वेळ. दुपारनंतर कप तोच ठेवा, आत साधं गरम पाणी घेतलं तरी चालेल. आधार कपाचा आणि वेळेचा असतो, हे चार दिवसांत लक्षात येतं.

सतत खावंसं वाटतं. स्वतःवर चिडू की चालू द्यावं?

चिडू नका. ताणात गोड आणि चमचमीत खाण्याची ओढ वाढणं हे नैसर्गिक आहे, आणि लहानपणी ज्या चवीने आपल्याला जवळ घेतलं तीच चव अडचणीत आठवते. फक्त उभ्याने, पाकिटातून, पडद्याकडे बघत खाऊ नका. ताटलीत काढा, बसा, चवीने खा. एवढं केलं की प्रमाण बरंचसं आपोआप जागेवर येतं.

हातांना काहीतरी काम हवंसं वाटतं. असं का?

घाबरलेलं मन पुढच्या महिन्यात फिरत असतं. हात मात्र आत्ता जे समोर आहे तेच करू शकतात. विणकाम, शिवण, कणीक मळणं, लाकूड घासणं, चित्र जुळवण्याचं कोडं यांत नजर आणि बोटं एकत्र गुंततात आणि प्रगती डोळ्यांना दिसते. २०२० च्या वसंतात अनेक देशांत जिगसॉ कोड्यांचा तुटवडा झाला, यीस्ट आणि पीठ दुकानांतून गायब झालं. पिठाची गोष्ट मला विशेष वाटते. गिरण्यांमध्ये धान्य संपलं नव्हतं. पीठ बेकऱ्यांसाठी मोठ्या पोत्यांत भरलं जात होतं आणि घरगुती लहान पाकिटं भरण्याची यंत्रणा अचानक वाढलेल्या मागणीला पुरी पडत नव्हती. एवढ्या माणसांना एकाच वेळी घरी पाव भाजावासा वाटला! त्यात भूक होतीच, पण हातांची भूकही होती, असं मला वाटतं.

ज्यांना कुठलीच कला येत नाही त्यांनी घेवड्याचं बी रुजवावं. काचेच्या पेल्याला आतून ओला टिपकागद लावायचा आणि कागद व काच यांच्यामध्ये बी ठेवायचं. पहिले एक-दोन दिवस काही होत नाही, बी फक्त फुगतं, साल सुरकुतते. मग एका टोकाला पांढरं टिंब दिसतं. हे मूळ असतं, आणि पेला आडवा केला तरी ते वळून खालीच जातं. काही दिवसांनी वाकलेली मान वर येते. डोकं आधी बाहेर येत नाही, मानेचा बाक आधी येतो, आणि मग त्याच्या मागून दोन जाड दळं ओढली जातात. माझ्या खिडकीतल्या पेल्याकडे मी दिवसातून दहादा बघत होते. माझ्या घरात तेवढी एकच गोष्ट होती जिचं उद्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं.

मोकळा वेळ आहे तर काहीतरी मोठं केलं पाहिजे का? न्यूटनने प्लेगच्या वेळी केलं ना?

केलं, खरं आहे. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं, न्यूटन वूल्सथॉर्पच्या आपल्या घरी गेला आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर मूलभूत विचार केला. पण तो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, अविवाहित होता. घरची शेती होती, स्वयंपाकाची आणि मुलांची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. ही तुलना माणसांच्या डोक्यावर मारणं मला निर्दयपणाचं वाटतं. शिकावंसं वाटलं तर जरूर शिका, त्यात मोठा आनंद आहे. नाही वाटलं तर या काळातून घरच्यांसह धड बाहेर पडणं हेच पुरेसं मोठं काम आहे.

बातम्या बघितल्याशिवाय राहवत नाही. किती बघाव्यात?

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच सल्ला दिला होता: ठरावीक वेळी, दिवसातून एकदा किंवा दोनदा, विश्वासू ठिकाणाहून माहिती घ्या. मी त्यात एवढंच जोडते की झोपण्याच्या आधीचे दोन तास आणि उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास बातम्यांना देऊ नका. आणि आकडे बघून झाले की लगेच हाताने एखादं काम करा, भांडी घासा, झाडांना पाणी घाला. बातमी ऐकून नुसतं बसून राहिलं की ती अंगात साचते.

तेच जुने सिनेमे, तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा. माझं काही बिघडलंय का?

काही नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट ही अनिश्चित काळातली फार मोठी सोय आहे. नवीन काही निवडायला, समजून घ्यायला डोकं लागतं, आणि ते डोकं सध्या दुसरीकडे खर्च होतंय. लहान मुलं रोज रात्री तीच गोष्ट मागतात ती याचसाठी.

झोप लागत नाही, लागली तर विचित्र स्वप्नं पडतात.

आधी स्वप्नांचं. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते. गजर नसला की आपण उशिरापर्यंत झोपतो, म्हणजे तो टप्पा लांबतो, आणि मधेच जाग आली की स्वप्न लक्षात राहतं. त्यात दिवसभराच्या काळजीची भर. २०२० मध्ये अनेक देशांतल्या लोकांनी हाच अनुभव सांगितला. स्वप्नं वाईट असली तरी तेवढ्यावरून ती आजाराचं लक्षण ठरत नाहीत.

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गंमत अशी की त्यासाठी गरम पाणी उपयोगी पडतं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंश सेल्सिअस पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली की हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि पुढच्या तासाभरात झोप जवळ येते. अंघोळ शक्य नसेल तर पाय कोमट पाण्यात बुडवून बसा. पाणी हाताला सोसवेल इतकंच असू द्या. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झाली असेल तर दुसऱ्या कोणाच्या हाताने पाणी तपासून घ्या. वीस-एक मिनिटांत झोप लागली नाही तर पडून तळमळू नका. उठा, मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करा, झोप आली की परत या. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळची वेळ बदलू नका.

व्यायामाचा उत्साहच नाही.

उत्साहाची वाट बघू नका. मॉस्कोमध्ये २०१० ते २०११ या काळात सहा जणांना मंगळ मोहिमेच्या सरावासाठी ५२० दिवस बंद ठेवलं होतं. निवडून घेतलेली, निरोगी माणसं ती. तरी जसजसा काळ गेला तसतशी त्यांची हालचाल कमी होत गेली. बंद जागेत शरीर आपोआप मंदावतं, त्यामुळे इच्छा नसणं स्वाभाविकच आहे. एक गाणं लावा आणि ते संपेपर्यंत नाचा किंवा नुसते हात हलवा. गाणं संपलं की थांबायची मुभा आहे. बहुतेक वेळा माणूस दुसरं गाणं लावतो.

घरात खूप माणसं आहेत. एकटं बसायला जागाच नाही.

अंतराळ स्थानकातही प्रत्येकाला टेलिफोन बूथएवढी का होईना, स्वतःची दार असलेली खोली देतात. एकांत ही चैन नाही हे त्यांनी जागेच्या एवढ्या टंचाईतही मान्य केलं आहे. घरात खोली देता येत नसेल तर वेळ द्या. प्रत्येकाची रोजची अर्धा तास ‘मला हाक मारू नका’ अशी वेळ ठरवा आणि ती लहान मुलालाही द्या. एखादी खूण ठरवा: डोक्यावर विशिष्ट ओढणी, कानाला हेडफोन, खिडकीजवळची ठरावीक खुर्ची. या नियमाचा मान घरातल्या मोठ्यांनी आधी राखावा लागतो. आणि ज्या बाईच्या वाट्याला सगळ्यांचं जेवण आणि धुणं आलंय, तिच्या अर्ध्या तासाची राखण बाकीच्यांनी करायला हवी, कारण ती स्वतः ती वेळ पहिली सोडून देते.

मी एकटा राहतो. कोणाचा स्पर्श होऊन आठवडे झाले.

हे दुःख खरं आहे. त्वचेत काही विशिष्ट मज्जातंतू असतात, ते हळुवार, सावकाश फिरणाऱ्या उबदार हातालाच सगळ्यांत जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे जवळच्या माणसाच्या स्पर्शासाठी शरीरात वेगळी वाट आहे, आणि ती वाट सुनी पडली की माणसाला कळतं. सरकारांनाही हे हळूहळू उमगलं. इंग्लंडमध्ये १३ जून २०२० पासून एकट्या राहणाऱ्यांना आणखी एका कुटुंबाशी अंतर न ठेवता मिसळायची परवानगी मिळाली. तुमच्याकडे नियमात अशी सोय असेल तर संकोच न करता तिचा फायदा घ्या, आणि कुटुंबासोबत राहत असाल तर ओळखीतल्या एकट्या माणसाला आपणहून बोलवा.

तोवर जड पांघरूण, पोटाशी धरायची उशी, मऊ जुना स्वेटर, डोक्याला तेल किंवा हाताला मलम सावकाश चोळणं, यांनी ही उणीव थोडी भरून निघते. मांजर-कुत्रं असेल तर त्याच्यासोबत जमिनीवर बसा. फोनवर गप्पा मारण्यापेक्षा कधीकधी फोन चालू ठेवून दोघांनी आपापलं काम करणं जास्त सोबतीचं वाटतं. भांड्यांचा, पावलांचा आवाज येत राहतो. व्हिडिओ कॉलने थकवा येत असेल तर स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद करा. तासभर आरशात बघत कोणी गप्पा मारत नाही.

वयस्कर माणसांना व्हिडिओचा आग्रह धरू नका. साधा फोन, रोज त्याच वेळी. त्या वेळेची वाट बघणं हाच त्यांचा निम्मा आनंद असतो.

मुलांसाठी काय करावं?

मुलांना रोज नवं नको असतं, ठरलेलं हवं असतं. चादरीचा तंबू महिनाभर उभा राहू द्या, घर पसरलेलं दिसलं तरी. २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये आणि इतरही देशांत लोकांनी खिडक्यांत टेडी अस्वलं बसवली होती, फिरायला निघालेल्या मुलांनी ती मोजावीत म्हणून. इटलीत मुलांनी इंद्रधनुष्यं रंगवून गॅलऱ्यांना टांगली. या दोन्हींत मूल घरात राहूनही बाहेरच्या कोणाशी तरी जोडलं जातं. तुमच्या मुलालाही खिडकीसाठी काहीतरी करायला सांगा, समोरच्या घरातून कोणी उत्तर दिलं तर त्याचा आठवडा उजळेल.

बाहेरची शांतता भीतिदायक वाटते.

तिच्यात कान लावून बसा. त्या वसंतात माणसांच्या हालचालींमुळे जमिनीत उठणारी बारीक कंपनं जगभर मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचं भूकंपमापकांनी नोंदवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एका जातीच्या चिमण्या गोंगाट ओसरल्यावर हळू आवाजात गायला लागल्या, आणि तरीही त्यांचं गाणं पूर्वीपेक्षा लांबवर पोहोचत होतं. तुमच्या खिडकीत कोणते आवाज येतात त्यांची यादी करा. पहिल्या दिवशी तीन मिळतील, आठव्या दिवशी बारा. तरीही शांतता खायला उठत असेल तर रेडिओ लावा. मोबाइलमधल्या गाण्यांपेक्षा रेडिओ बरा, कारण पलीकडे आत्ता कोणीतरी जागं आहे हे कळतं.

आधार कधी व्यसन बनतो?

प्रमाण वाढत चाललं, वेळ आधी-आधी यायला लागली आणि लपवावंसं वाटलं की थांबून बघा. दारूबद्दल मी स्पष्ट सांगते: ती झोप आणते असं वाटतं, पण रात्रीचा उत्तरार्ध मोडते आणि सकाळची काळजी वाढवते. लॉकडाऊनच्या आधी जितकी होती त्यापेक्षा एक घोटही जास्त नको.

कशातच मन रमत नाही. यांतलं काहीच उपयोगी पडत नाही.

मग स्वतःला आणखी उपाय सुचवत बसू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टी बेचव झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल तर डॉक्टरांशी बोला. फोनवरही सल्ला मिळतो. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असं मनात येत असेल तर आज, आत्ता, जवळच्या माणसाला त्याच शब्दांत सांगा आणि तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला फोन करा. घरातच कोणी मारहाण करत असेल किंवा धाक दाखवत असेल तर ‘घरात राहा’ हा नियम तुम्हाला तिथे अडकवण्यासाठी नाही. सुरक्षिततेसाठी बाहेर पडून मदत मागा.

लॉकडाऊन उठल्यावर बाहेर जायची भीती वाटते. घरच बरं वाटायला लागलंय.

हेही पुष्कळांना होतं. पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत जा आणि परत या. दुसऱ्या दिवशी तेवढंच, पण थोडं थांबून. गर्दीची वेळ टाळा, सोबत कोणी असेल तर घ्या. परतल्यावर तुमचा तोच कप, तीच खुर्ची, तीच वेळ. सव्वाचारच्या आजोबांनी निर्बंध उठल्यावर पहिल्यांदा फोन केला तो बागेतल्या बाकावरून. किटलीचा आवाज नव्हता, मुलांचा दंगा ऐकू येत होता. त्यांनी थर्मास नेला होता; झाकण फिरवल्याचा आवाज आला, मग लांब श्वास, मग ‘हं, बोला’.